कलावंताने वर्षाचा हिशेब कधी मांडावा आणि कशाचा मांडावा?

गोदाकाठ (नाशिक), डिसेंबर २०२५

नमस्कार. मी जलरंगात काम करते. शाळेतील कलाशिक्षिकेची नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रे काढू लागल्याला आता काही वर्षे झाली, आणि दर डिसेंबरला माझे एकाच ठिकाणी अडते, म्हणून येथील जाणत्या मंडळींपुढे प्रश्न मांडत आहे.

वर्षअखेरीला वही घेऊन बसले की पानावर उतरते ते सगळे विक्रीचेच असते: किती चित्रे गेली, कोणत्या आकाराची गेली, चौकटींना किती खर्च आला, कार्यशाळांचे किती मिळाले. या हिशेबाला मी नावे ठेवत नाही, कारण घर त्यावरच चालते. परंतु तो पुरा झाल्यावरही यंदा माझे काम पुढे सरकले की जागच्या जागी फिरत राहिले, हे काही कळत नाही.

यंदा तर दोन सरळ गठ्ठेच झाले आहेत. एका गठ्ठ्यात गोदाघाट आहे: रामकुंड, नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटा, सुंदरनारायणाच्या पायऱ्या, पुरात बुडालेला दुतोंड्या मारुती. ही चित्रे हाताला इतकी सवयीची झाली आहेत की पहिला ओला हात मारतानाच शेवटचा गडद ठिपका कुठे पडणार हे मला ठाऊक असते, आणि नेमकी हीच चित्रे विकली जातात. दुसऱ्या गठ्ठ्यात दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागा आहेत, त्याही छाटणीनंतरच्या: पाने नसलेल्या ओलांड्यांच्या (वेलीच्या आडव्या फांद्यांच्या) रांगा, लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, खाली पडलेल्या काड्यांचे ढीग. ही चित्रे बहुतेक पाव ताव, म्हणजे पूर्ण कागदाच्या चौथ्या हिश्श्याच्या, आकाराची आहेत. घरी येणारी माणसे ती हातात घेतात, ‘हे काय आहे?’ असे विचारतात आणि खाली ठेवतात. त्यांतले एकही गेलेले नाही. मला मात्र वर्षभर ओढ होती ती त्यांचीच.

पुढचे ठरवायला बसले की आणखी दोन अडचणी समोर येतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनाकडे प्रदर्शनासाठी अर्ज केला आहे, पण तेथील प्रतीक्षायादी काही वर्षांची असते हे आपण सारे जाणतोच. शिवाय २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. चित्रे घेणारे एक गृहस्थ आतापासूनच कुंभाची मालिका करा म्हणून मागे लागले आहेत. ती मालिका हाती घेतली तर पुढची दोन वर्षे पुन्हा घाटावरच जाणार.

तेव्हा माझा प्रश्न असा की, सरलेल्या वर्षाकडे पाहताना आपण नेमके काय पाहता, आणि पुढचे किती लांबवरचे ठरवता?

———

खडू-कोळसा (मुंबई)

ताई, आपला प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर आपण प्रश्नातच देऊन ठेवले आहे. तरीही मी जे अनेक वर्षे करतो ते सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम पैशांची वही आणि चित्रे एकाच दिवशी समोर घेऊ नयेत. वही उघडी असली की विकले गेलेले चित्र आपोआप चांगले वाटू लागते. मी नाताळच्या सुट्टीत घरातील सामान भिंतीला लावतो आणि वर्षभराचे सगळे काम तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडतो. सगळे म्हणजे सगळे. फसलेले, अर्धवट सोडलेले, मागच्या बाजूला रंग तपासून पाहिलेले कागदसुद्धा. विकल्या गेलेल्या चित्रांच्या जागी शक्यतो मूळ आकाराची छपाई ठेवतो, कारण मोबाइलच्या पडद्यावर सगळीच चित्रे एकाच मापाची दिसतात आणि आपण कोणत्या महिन्यात मोठ्या कागदाला भ्यालो हे लपून राहते. मग त्या मांडणीभोवती दोन दिवस नुसता वावरतो. पहिल्या दिवशी आवडती चित्रेच दिसतात. दुसऱ्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन जाता-येता, आपण त्याच त्या जागी क्षितिजरेषा ओढली आहे, तीच एक जांभळट सावली सगळीकडे वापरली आहे, पावसाळ्यानंतर अचानक माणसे चित्रातून नाहीशी झाली आहेत, अशा गोष्टी दिसू लागतात. मी टिपून ठेवतो त्या या गोष्टी. चित्र चांगले की वाईट, हा निकाल त्या दोन दिवसांत द्यायचा नाही, असा नियमच मी स्वतःला घातला आहे.

याच वेळी प्रत्येक कागद उलटून पाहावा. मागे पेन्सिलीने वर्ष आणि अनुक्रमांक आहे की नाही, पावसाळ्यात कडेला तपकिरी ठिपके पडले आहेत का, आणि जुन्या कामातील लाल अजून लाल आहे का, हे पाहावे. अलिझरिन क्रिमसन हा लाल रंग उजेडात फिकट होतो हे सगळ्यांनी वाचलेले असते. पण तीन वर्षांपूर्वीच्या आपल्याच चित्रातील पळसाची फुले मातकट झालेली पाहिली की नळीवरील ‘पीआर ८३’ ही त्या रंगद्रव्याच्या क्रमांकाची बारीक अक्षरे वाचण्याची सवय कायमची लागते.

नोंदवहीबद्दल सांगायचे तर पॉल क्ले या चित्रकाराने १९११ पासून आपल्या कामाची यादी वर्ष आणि क्रमांक घालून स्वतःच्या हाताने ठेवली होती. त्या यादीमुळेच आज आपल्याला कळते की आजाराने ग्रासलेल्या १९३६ साली त्याच्या हातून जेमतेम २५ कामे झाली आणि १९३९ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, १२०० हून अधिक. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहाच कॅन्व्हास पुरे करीत. हे आकडे शेजारी ठेवले की वर्षात किती चित्रे झाली या प्रश्नाचे ओझे उतरते. तरीही नोंद ठेवायचीच. कारण पुढे कोणी मागील दहा वर्षांचे काम दाखवा म्हणाले, तर कोणते चित्र कोणाकडे आहे हे सांगता आले पाहिजे.

आता पुढचे. जहांगीरची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. तेथे एका प्रदर्शनाला मंगळवार ते सोमवार असा एकच आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यासाठी आयुष्यातील काही वर्षे तहकूब ठेवणे मला पटत नाही. ज्या गोष्टी दुसऱ्याच्या हातात आहेत, म्हणजे दालन, पारितोषिक, निवड समिती, त्या माझ्या नियोजनात फक्त अर्ज भरण्याच्या तारखा म्हणून येतात. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे आणि राज्य कला प्रदर्शनही होत असते; अर्ज वेळेवर जावा, इतकेच आपले काम.

आपल्या दोन गठ्ठ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. घाटाची चित्रे बंद करू नका, त्यांची किंमत वाढवा आणि संख्या कमी करा. द्राक्षबागा पाव तावावरून अर्ध्या तावावर न्या. मोठ्या कागदावर त्या तारा आणि ओलांडे उभे राहतात की कोसळतात, हे पाहिल्याशिवाय त्या मालिकेबद्दल आपल्याला किंवा आम्हाला काहीच म्हणता येणार नाही. सध्या ती चित्रे बघणाऱ्याला टिपणांसारखी वाटत असावीत, म्हणून तो ती खाली ठेवतो.

———

आखणीवाला (पेण)

मी चित्रकार नाही, गणपतीच्या मूर्ती घडवतो, तरी या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. कारण आमच्याकडे वर्षाचा शेवट डिसेंबरात नसतोच, तो अनंत चतुर्दशीला असतो.

विसर्जन झाले की कारखान्यात जे उरते त्यावरून आमचे वर्ष कळते. शिल्लक राहिलेल्या मूर्ती एका बाजूला लावतो आणि प्रत्येकीपुढे उभे राहून ती का उरली हे वडिलांच्या वेळेपासून मोठ्याने बोलायचा रिवाज आहे. कधी उंची अडनिडी असते, कधी पीतांबराचा रंग त्या वर्षी चालत नाही, कधी मूर्ती उत्तम असते पण ज्या गावाकडे ती जायची तेथील व्यापारी बदललेला असतो. हे शेवटचे कारण फार महत्त्वाचे आहे. माल उरला म्हणजे कामात खोट आहे असे प्रत्येक वेळी नसते, आणि ताईंच्या द्राक्षबागांना हे लागू पडते असे मला वाटते. घाटाचे चित्र घ्यायला आलेल्या माणसासमोर आपण बागेचे चित्र ठेवतो, मग तो घेणार कसा? त्या चित्रांचा माणूस वेगळा असेल, आणि तो अजून आपल्या घरी आलेला नसेल.

पुढच्या वर्षाचे म्हणाल तर आम्ही इंग्रजी तारखा बाजूला ठेवून पंचांग पाहतो. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, यंदा २७ ऑगस्टला आली; म्हणजे आम्हाला ३५४ दिवस मिळाले. येत्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे आणि मधे ३८३ दिवस मिळतात. जवळजवळ एक महिना जास्तीचा. बाहेरच्यांना वाटेल, बरे झाले, जास्त मूर्ती होतील. परंतु तो महिना येतो ऐन पावसाच्या तोंडावर, जेव्हा शाडू वाळता वाळत नाही. म्हणून यंदा मी ठरवले आहे की जास्तीचे दिवस मालासाठी न वापरता आता थंडीतच, हवा कोरडी असताना, दोन नवीन नमुने स्वतःच्या हाताने घडवायचे आणि त्यांचे साचे करून ठेवायचे. नेहमीच्या वर्षी नवीन नमुन्याला सवडच होत नाही. उन्हाळ्यात परदेशी जाणारा माल बोटीने रवाना करायचा असतो, आणि मग रंगकाम व डोळ्यांची आखणी सुरू झाली की दुसरे काही सुचत नाही.

लांबवरचे ठरवण्याबद्दल एवढेच सांगतो की जून २०२५ मध्ये, चतुर्थीला अडीच-तीन महिने उरले असताना, उच्च न्यायालयाने तोवर बंदी असलेल्या पीओपीच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली. ज्यांनी वर्षभराचे सगळे गणित बंदी धरून फक्त शाडूवर मांडले होते त्यांची धांदल उडाली, आणि ज्यांनी मुभा मिळेलच असे गृहीत धरून माल करून ठेवला होता त्यांचा आधीचे कित्येक महिने जीव टांगणीला होता. आम्ही एक चतुर्थी सोडून दुसरीचे ठरवत नाही. नमुन्यांचे मात्र चार-पाच वर्षांचे ठरवतो, कारण साचा केला की तो वापरला जातोच.

———

रेघोट्या (पुणे)

आखणीवाले दादांशी सहमत आहे. मी मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढते, त्यामुळे माझे कामाचे वर्ष लक्ष्मीपूजनाला संपते. अधिक मासाचा फायदा आम्हालाही आहे: येती दिवाळी ८ नोव्हेंबरला असल्याने अंकांच्या मजकुराला नेहमीपेक्षा उसंत मिळायला हवी. प्रत्यक्षात कथा शेवटच्या आठवड्यातच हाती येतील, हे वेगळे सांगायला नको. १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकापासून हे असेच चालत आले असावे, अशी माझी दाट शंका आहे.

मला फक्त पैशांच्या बाजूबद्दल लिहायचे आहे, कारण खडू-कोळसा सरांनी ती वेगळ्या दिवसावर टाकली आणि तो दिवस कोणता हे सांगितले नाही. तो दिवस जानेवारीत ठेवावा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो. जानेवारीत हिशेब केला तर येणे वसूल करायला दोन महिने हातात राहतात. मार्चमध्ये बसलात तर फक्त हळहळ उरते. मी ‘काम दिले’, ‘बिल दिले’ आणि ‘पैसे आले’ असे तीन रकाने ठेवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातील अंतर कोणाच्या बाबतीत वाढत चालले आहे ते पाहिले की पुढील वर्षी कोणाला नाही म्हणायचे ते न भांडता ठरते.

ताईंसाठी एक व्यावहारिक टीप: हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. आपली नोंदणी नसेल तर आपल्याला थेट फरक पडत नाही. पण दालनाकडून विक्री होत असेल आणि आपण घाटाच्या चित्रांची किंमत वाढवणार असाल, तर ग्राहकाला अंतिम रक्कम तेवढी जड वाटणार नाही. किंमत वाढवायची तर ती यंदाच वाढवावी.

———

मांडवीतीर (पणजी)

वरील सर्व उत्तरे मनापासून वाचली, आणि तरीही माझा या वार्षिक हिशेबालाच विरोध आहे.

डिसेंबरात आमच्या पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. शहरभर इतरांचे मोठमोठे काम मांडलेले असते, ओळखीचे सगळे भेटतात, प्रत्येक जण सध्या काय चालले आहे असे विचारतो, आणि अशा वेळी स्वतःच्या कामाकडे पाहिले तर ते कोणाच्या तरी शेजारी ठेवूनच पाहिले जाते. वर्षाची अखेर ही मागे वळून पाहण्याची सर्वांत वाईट वेळ आहे, असे माझे ठाम मत आहे. शिवाय बारा महिने हे माप चित्राला लागू होत नाही. माझ्याकडे एक कॅन्व्हास असा आहे की जो तीन वेळा भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला. तो कोणत्या वर्षाच्या खात्यात घालायचा?

मला जवळची वाटते ती चित्रकार प्रभाकर बरवे यांची रीत. त्यांनी वर्षानुवर्षे डायऱ्या लिहिल्या आणि २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे जे प्रदर्शन झाले त्यात त्या पाहायलाही मिळाल्या. त्या पानांवर वर्षाचा ताळेबंद नाही. वस्तू, तिची सावली, तिच्याभोवतीचा अवकाश, एखाद्या आकाराचे दुसऱ्या आकाराशी नाते, असे विचार रेखाटनांच्या सोबतीने येतात. ज्या दिवशी जे सुचले ते त्या दिवशी नोंदले की वर्षअखेरीला आठवत बसावे लागत नाही. मी स्वतः चित्राच्या मागे, सुरुवात करताना, मला त्यातून काय शोधायचे आहे ते एका ओळीत लिहितो. चित्र संपल्यावर ती ओळ वाचतो. बहुतेक वेळा चित्र भलतीकडेच गेलेले असते, आणि ते कुठे गेले हे कळणे एवढाच माझा आढावा.

नियोजनाबद्दल खडू-कोळसा सरांशी माझा मतभेद नाही. मात्र कुंभाच्या मालिकेबाबत ताईंना सांगावेसे वाटते की गर्दी हा विषय घाटाहून अगदी वेगळा आहे. रामकुंडाची दगडी पायरी काढता येते म्हणून त्या पायरीवरील लाखोंची रेटारेटी काढता येईल असे नाही. ती ओढ आपल्याला आतून नसेल तर मागे लागलेल्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा. २०२७ ला नाशिकमध्ये कुंभ रंगवणाऱ्यांची कमतरता भासणार नाही.

———

खडू-कोळसा (मुंबई)

मांडवीतीर, चित्रामागे ओळ लिहिण्याची कल्पना मी आजपासून उचलतो. तुलनेचा मुद्दाही मान्य; म्हणूनच मी ते दोन दिवस कोणालाही घरी बोलावत नाही. पण रोज लिहिणाऱ्याला रोजचेच दिसते. क्षितिजरेषा वर्षभर एकाच उंचीवर राहिली हे कोणत्याही एका दिवसाच्या पानावर सापडणार नाही. त्यासाठी चित्रे शेजारी-शेजारी पडावी लागतात. ते डिसेंबरात करा की चैत्रात, यावर माझा हट्ट नाही.

———

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बैठकीची खोली रिकामी करून चित्रे मांडली. घाटाच्या चित्रांत मला नवीन काही दिसले नाही, हे अपेक्षितच होते. बागांच्या चित्रांत मात्र एक गोष्ट दिसली जी मला स्वतःला ठाऊक नव्हती. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची चित्रे आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची चित्रे वेगळी करून ठेवल्यावर एप्रिलची सगळी कोरडी, कडक रेषांची निघाली, आणि ऑक्टोबरच्या चित्रांत ओल्या मातीमुळे मी नकळत कागद ओलाच ठेवून काम केले होते. विषय एक होता, पण रीती दोन होत्या. विक्रीच्या वहीतून हे दिसण्याची शक्यता नव्हती.

कुंभाच्या मालिकेला नकार कळवला आहे. घाटाची मोजकी चित्रे करीन, वाढीव किमतीला. अर्ध्या तावाचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद मागवला आहे. आता एकच शंका उरते: छाटणीनंतर ओलांडे उघडे राहतात ते फार थोडे दिवस, मग फुटवे येतात आणि सगळे हिरवे होते. पाव तावावर एका सकाळी दोन चित्रे होत. अर्ध्या तावावर तसे होणार नाही. इतक्या कमी दिवसांत मोठी चित्रे जागेवर बसून कशी पुरी करावीत?

———

बांधावरून (निफाड)

ताई, मी चित्रांतला नव्हे, बागेतला माणूस आहे. येथे वाचायला येतो. आपली अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण जिल्ह्यातील सगळ्या बागा एका वेळी छाटल्या जात नाहीत. सटाणा-कळवणकडे लवकर माल काढणारे शेतकरी फळछाटणी (आपण म्हणता ती ऑक्टोबरची छाटणी) पावसाळ्यातच, जुलै-ऑगस्टमध्ये उरकतात. आमच्याकडे निफाड-दिंडोरीत ती सप्टेंबरपासून सुरू होते आणि मजुरांच्या टोळ्या मिळतील तशी ऑक्टोबर सरेपर्यंत प्लॉटमागून प्लॉट चालते. एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट मुद्दाम पंधरा दिवसांच्या अंतराने छाटलेले असतात. आपण बागलाणापासून, म्हणजे सटाण्याच्या बाजूने, सुरुवात करून खाली येत राहिलात तर उघड्या बागा आपल्याला दोन-तीन महिने सलग मिळतील, आणि पावसातल्या ओल्या मातीचे जे आपण लिहिले आहे ते सटाण्याकडे अधिकच दिसेल.

फक्त छाटणीनंतर लगेच डोळे फुटण्यासाठी काडीला औषध लावतात, तेव्हा त्या दिवशी बागेत बसू नये. छाटणीची तारीख शेतकऱ्याला आठवडाभर आधी विचारून ठेवावी. टोळी ठरली की तो नक्की सांगतो.